ओपनस्कॅप आठ महिने वापरून: ९१ टक्के मिळाले, तरी ऑडिटमध्ये अडकलो

मागच्या महिन्यात आमचा सर्व्हर ऑडिटमध्ये अडकला, म्हणून हे लिहायला बसलोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथले तीन सर्व्हर मी एकटा सांभाळतो. तिन्हींवर अल्मालिनक्स ९ ही ऑपरेटिंग सिस्टिम. सर्व्हरची सुरक्षा तपासणाऱ्या विकतच्या स्कॅनरचं वर्षाचं कोटेशन मालकांपुढे ठेवलं, तर ते म्हणाले, "एवढ्यात माझा एक माग दुरुस्त होतो." पटलं मला. मग तेच काम करणारं फुकटातलं ओपनस्कॅप घेतलं, सीआयएस या अमेरिकी संस्थेच्या सुरक्षा नियमांचा संच, म्हणजे लेव्हल १ सर्व्हर प्रोफाइल निवडलं आणि दर रविवारी रात्री आपोआप चालावं म्हणून क्रॉनवर लावून टाकलं.

सुरुवातीला डोकं फिरायची वेळ आली. रूट म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं; दुरून त्याचं लॉगिन बंद हवं, हा नियम लाल, म्हणजे नापास. दुरून लॉगिन देणाऱ्या एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्ये शेवटी 'नो' लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, परत स्कॅन, परत लाल. टूलच भंगार आहे असं दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो. तिसऱ्या दिवशी 'एसएसएचडी' कमांडला कॅपिटल टी हा पर्याय देऊन प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग बघितली, तर रूट लॉगिन 'येस'! इन्स्टॉल करताना आधीच्या माणसानं रूटला पासवर्डनं आत येऊ देण्याच्या चौकटीत टिक केलेली. त्यामुळे इन्स्टॉलरनं शेजारच्या फोल्डरमध्ये ०१ नं सुरू होणारी एक फाईल टाकून ठेवली होती. एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतं, आणि ते फोल्डर मुख्य फाईलच्या वरच्या टोकालाच वाचलं जातं. माझी ओळ तळाशी, तिला कोण विचारतंय? ती फाईल काढली आणि नियम हिरवा झाला. तेव्हापासून मी या टूलच्या बाजूनं.

सात महिन्यांत ९१ टक्क्यांपर्यंत पोचलो. मग पुण्याहून ऑडिटर आले. रिपोर्ट चाळला आणि पहिलाच प्रश्न: "वेळ कुठून घेता?"

सर्व्हरचं घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीचा नियम तर हिरवा होता. त्याची फाईल उघडली, तर आत अल्मालिनक्सचा डिफॉल्ट पूल, म्हणजे इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरचा गट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळ एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवलेलं हवं. लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी, त्याही १८० दिवसांच्या ठेवायच्या. जुने लॉग काढून टाकणारं आमचं लॉगरोटेट होतं तसंच सोडलेलं: दर आठवड्याला फिरवा, चार ठेवा. म्हणजे साधारण महिनाभराचे लॉग. दोन्ही मुद्द्यांपुढे 'नॉन-कम्प्लायंट' लिहून सर चहा घेऊन गेले.

टूलनं खोटं काही सांगितलं नव्हतं. टाइम सर्व्हर दिलाय का, एवढंच ते तपासतं. कुणाचा, ते नाही. नियम सीआयएसचे, आपल्याकडचा निर्देश त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. माझी खरी तक्रार रिपोर्टमधल्या एका मथळ्याबद्दल आहे: 'कम्प्लायन्स अँड स्कोअरिंग'. तिथला आकडा मी सात महिने मालकांना दाखवला, आणि त्यांनी तो परदेशी ग्राहकाला कळवला. तो आकडा निवडलेल्या प्रोफाइलपुरता असतो. शिवाय 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' आणि 'नॉट चेक्ड' निघालेले नियम त्या टक्क्यांत धरलेच जात नाहीत. मथळ्याखाली मोठ्या अक्षरात "अमुक प्रोफाइलनुसार" एवढं तरी छापायला हवं. मालकांनी फोन करून "मग ते ९१ काय होतं?" असं विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता क्रोनीत एनआयसीचे समय-१ आणि समय-२ हे टाइम सर्व्हर टाकलेत. लॉगरोटेटमध्ये चारच्या जागी २७ केलेत, म्हणजे १८९ दिवस. ओपनस्कॅपच्या पाठोपाठ माझी एक छोटी शेल स्क्रिप्ट चालते. ती या दोन गोष्टी बघून लाल-हिरवं मेल करते. टूल सोडणार नाही, पैसे वाचलेत आणि ते रूट लॉगिन दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. फक्त दुरुस्ती आपोआप करणारा 'रिमिडिएट' पर्याय सर्व्हरचा स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची प्रत) घेतल्याशिवाय वापरू नका, केलेले बदल तो परत फिरवत नाही.

परवा सरांना क्रोनीचं आउटपुट पाठवलं, समय-१ पुढचा तारा, म्हणजे वेळ तिथूनच घेतोय ही खूण, दिसत होता. वेळेचा मुद्दा त्यांनी बंद केला. लॉगचा उघडाच आहे, कारण १८० दिवसांचे लॉग साठायला अजून पाच महिने जायचेत.