स्वस्तात बर्फ: अल्माटी की गुदाउरी?

डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा दिवस, खिसा बेताचा, पण बर्फ हवंच. मग गाडी हमखास कझाकस्तानचं अल्माटी की जॉर्जियाचं गुदाउरी इथे येऊन अडते.

व्हिसा: कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर एका खेपेला 14 दिवस व्हिसा लागत नाही. जॉर्जियाचा ई-व्हिसा आधी काढावा लागतो आणि तो असूनही विमानतळावरून परत पाठवल्याची उदाहरणं आहेत. परतीचं तिकीट, बुकिंग, विमा, बँक स्टेटमेंट छापून न्या. बॅटरी संपल्यावर मोबाइलमधली पीडीएफ कोण बघणार?

बर्फापर्यंत पोचणं: इथे अल्माटी सरळ जिंकतं. 12 नंबरची सिटी बस 1,691 मीटरवरच्या मेदेऊ आइस स्केटिंग रिंकपर्यंत जाते, तिथून केबल कारने 2,260 मीटरवर शिम्बुलाक हे स्की रिसॉर्ट. मुक्काम शहरातल्या हॉस्टेलातच. गुदाउरी मात्र राजधानी तिबिलिसीपासून सुमारे 120 किमी. तिथल्या दिदुबे स्टँडवरून मिनीबस भरली की सुटते, वेळापत्रकावर नाही. रोज स्कीइंग करायचं तर वरच राहावं लागतं, आणि सीझनला खोली महाग. पुढचं डोंगरातलं काझबेगी गाव जोडणार असाल तर एक दिवस मोकळा ठेवा. वाटेतली ज्वारी खिंड (भाकरीशी संबंध नाही) जोरदार हिमवृष्टीत बंद होते.

जेवण: जॉर्जियात राजमा भरलेली लोबिआनी रोटी आणि अक्रोडाच्या वाटणातली वांगी शाकाहाऱ्यांना तारतात. अल्माटीत मांसच फार, घोड्याचंसुद्धा.

दम्याचा त्रास असलेल्यांनी हिवाळ्यात अल्माटी टाळावं. कोळशाचा धूर शहरावर साचून राहतो. बाकी पहिली परदेशवारी आणि एक-दोन दिवस बर्फ एवढंच असेल तर अल्माटी. आठवडाभर नीट स्की शिकायचं असेल, गटात शाकाहारी असतील, तर गुदाउरी.