नाडीच्या ठेक्यावर वाजणारा कान: सीटी, एमआरआय की थेट अँजिओग्राफी?

कानात एकसुरी शिटी किंवा भुणभुण असणं वेगळं. आवाज 'सूं... सूं...' असा येत असेल, मनगटावर बोट ठेवल्यावर नाडीशी जुळत असेल आणि जिना चढल्यावर त्याचा वेग वाढत असेल, तर त्याला पल्सेटाइल टिनिटस म्हणतात. यात बहुतेकदा रक्त वाहण्याचा खराखुरा आवाज कानाला ऐकू येत असतो, त्यामुळे नीट शोधलं तर कारण सापडण्याची शक्यता चांगली असते. तपासणी न करताच कोणी 'सवय होईल' म्हणालं, तर ते ऐकून घरी येऊ नका. आवाज अचानक सुरू झाला आणि जोडीला मान दुखणं, तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणं किंवा हातापायातली ताकद जाणं असेल, तर पुढची तुलना वाचत न बसता लगेच रुग्णालय गाठा.

कुठलं मशीन आधी, हे ठरतं स्कॅनच्या आधीच्या साध्या तपासणीत, आणि नेमकी तीच बऱ्याचदा घाईत उरकली जाते. आवाज ज्या बाजूला येतो त्या बाजूची मानेतली शीर डॉक्टरांनी हलकेच दाबली की आवाज थांबतो का? थांबला तर संशय शिरांकडे, म्हणजे मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या वाटेकडे वळतो. थांबला नाही, किंवा कानामागे स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टरांनाही तो ऐकू आला, तर धमनीचा किंवा धमनी-शिरेच्या चुकीच्या जोडणीचा विचार आधी करावा लागतो. कानाच्या पडद्यामागे लालसर गोळा दिसतो का, ऐकू किती येतं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक आहे का, हेही पाहायला हवं. रक्तक्षय किंवा वाढलेला थायरॉइड एवढंच कारण निघालं तर उपचार त्याचाच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याच्या नसेला सूज आहे का तेही बघून घ्या. त्याला काही मिनिटं लागतात, पण नजर वाचू शकते.

आता सीटी आणि एमआरआय. सीटीचा जोर हाडावर. कानामागची मोठी शीर आणि कान यांच्यामधला हाडाचा पातळ पडदा झिजला असेल, शिरेला फुगा आला असेल, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड उघडं पडलं असेल, तर ते सीटीत नीट दिसतं. डाय देऊन धमन्या आणि शिरा अशा दोन्ही टप्प्यांत काढला, तर हाड आणि रक्तवाहिन्या एकाच बैठकीत कळतात. तोटा म्हणजे किरणोत्सर्ग, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डायची काळजी.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण वेळ जास्त लागतो आणि बंद नळीत पडून राहावं लागतं. हाडातलं बारीक भोक त्यात निसटतं. उलट कवटीत दाब वाढल्याच्या खुणा, गाठ, अरुंद झालेल्या शिरा यांच्यासाठी तोच सरस. म्हणून डोकेदुखी आणि अंधुक नजर असेल, त्यातही वजन वाढलेली तरुण बाई असेल, तर मी एमआरआय आणि शिरांचा एमआर व्हेनोग्राम आधी निवडेन. शीर दाबून थांबणारा आवाज आणि बाकी काही त्रास नाही, तर सीटी आधी.

'एमआरआय नॉर्मल' या दोन शब्दांवर मात्र विसंबू नका. मेंदूचा साधा एमआरआय रक्तवाहिन्या नीट दाखवतोच असं नाही. लेखी चिठ्ठीत 'नाडीशी जुळणारा आवाज, अमुक कान' असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे रेडिओलॉजिस्टला कुठे पाहायचं ते कळेल. उलटही होतं. एका बाजूची शीर जन्मतःच बारीक असणं निरोगी माणसांतही दिसतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये 'अरुंद' लिहिलं म्हणजे आवाजाचं कारण मिळालं असं नाही.

तिसरा पर्याय डीएसए, म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून नळी सरकवून केलेली अँजिओग्राफी. मेंदूच्या आवरणातली फिस्टुला, म्हणजे धमनीचं रक्त थेट शिरेत शिरणं, नक्की करायला किंवा नाकारायला याहून भरवशाची तपासणी नाही. अनुभवी हातांत कायमची इजा होण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असतो, पण शून्य नसतो, त्यामुळे सरसकट करू नये. संशय बळकट असेल तर मात्र स्कॅन नॉर्मल असले तरी करावी. करायचीच तर बाहेरच्या कॅरोटिड धमनीच्या (मानेतून चेहऱ्याकडे आणि डोक्याच्या आवरणांकडे रक्त नेणारी) फांद्यांतही डाय सोडणार का, हे आधी विचारा. या फिस्टुलांना रक्त बऱ्याचदा तिथूनच मिळतं.

उपचारांत निवड कमी असते, कारण ती बरीचशी निदानानेच ठरते. कवटीतला दाब वाढला असेल तर वजन कमी करणं आणि दाब उतरवणारी अॅसिटाझोलामाइड ही गोळी. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. नजरेला धोका असेल किंवा गोळ्यांनी भागत नसेल, तर अरुंद शिरेत स्टेंटचा विचार होतो. आधी अरुंद भागाच्या दोन्ही बाजूंचा दाब नळीने मोजतात. फरकच नसेल तर स्टेंट कशाला, हा प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावा. स्टेंटनंतर आवाज बऱ्याचदा लगेच बंद होतो, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. हाडाचा पडदा झिजला असेल तर कानामागून शस्त्रक्रिया करून तो बुजवता येतो. मानेतली शीर कायमची बांधण्याची जुनी शस्त्रक्रिया कोणी सुचवली, तर दुसरं मत घ्या. आवाज परत येऊ शकतो, आणि कवटीत दाब असेल तर तो आणखी वाढू शकतो.

फिस्टुलामध्ये रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांत उलटं शिरत असेल तर रक्तस्रावाचा धोका खरा असतो आणि ती बंद करावीच लागते. तसं नसेल आणि आवाज सोसवत असेल, तर नुसतं लक्ष ठेवणंही रास्त. लक्ष ठेवायचं ठरलं असेल आणि एक दिवस आवाज आपोआप थांबला, तरी डॉक्टरांना कळवा आणि पुन्हा तपासून घ्या. कधी फिस्टुला खरोखर मिटलेली असते, तर कधी रक्ताने धोक्याची दुसरी वाट धरलेली असते.