नसांची गोळी: साधी बी-१२ की सहा घटकांची कॅप्सूल?

मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात म्हणून ठाण्यात नौपाड्यातल्या मेडिकलमध्ये ‘नसांची गोळी’ मागितली की साधारण दोन तऱ्हेच्या स्ट्रिप समोर येतात. एकीत नुसतं मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२. दुसरी महाग: बी-१२, अल्फा लिपोइक ॲसिड, बेनफोटियामिन, बी-६, फॉलिक ॲसिड असं बरंच काही. घटक जास्त तेवढी गोळी भारी, असा हिशेब करून लोक दुसरी उचलतात. माझा कौल पहिलीला आहे, आणि तोही रक्त तपासून झाल्यावर.

कारण बी-१२ कमी पडलं तर त्यानंच नसा बिघडतात, आणि लक्षणं अगदी मधुमेहाच्या नसदुखीसारखी असतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीमुळे आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. डोस मोठा आणि वर्षं जास्त, तेवढा धोका वाढतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशन मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना अधूनमधून बी-१२ तपासायला सांगते. जोडीला शाकाहार किंवा ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल असेल तर अधिकच. चेंदणी कोळीवाड्यातला रोज बांगडा खाणाराही यातून सुटतोच असं नाही. तपासणी मात्र गोळी सुरू करण्याआधी करा, नंतर आकडा चांगला दिसतो आणि मूळ प्रश्न कळत नाही. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. आणि आकडा कमी आला म्हणून मेटफॉर्मिन आपल्या मनानं बंद करायचं नाही.

कमतरता निघाली तर इंजेक्शन की गोळी? बधीरपणा, तोल जाणं असं काही असेल तर डॉक्टर बहुधा इंजेक्शननं सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. बाकीच्यांना मोठ्या डोसची गोळी चालते. १००० मायक्रोग्रॅममधलं जेमतेम एक टक्का शोषलं गेलं तरी १० मायक्रोग्रॅम मिळतात, आणि दिवसाची गरज दोन-अडीचचीच आहे.

बी-१२ भरपूर निघालं तर ते आणखी घेऊन दुखणं कमी होईल, याला भक्कम आधार नाही. मग महाग कॅप्सूल घ्यावी का? अल्फा लिपोइक ॲसिडचा गाजावाजा २००६च्या सिडनी-२ चाचणीपासूनचा: रोज ६०० मिलिग्रॅम, पाच आठवडे, त्रास कमी. पण २०२४च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तोलून पाहणाऱ्या अभ्यासात, सहा महिन्यांनंतर लक्षणांवर फारसा फरक दिसला नाही. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये ते १०० मिलिग्रॅमच असतं. म्हणजे चाचणीतला डोसही नाही, पैसे मात्र पुरते!

बी-६ची गोष्ट याहून वाईट. ते जास्त झालं तर त्यानंच नसांना इजा होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅमची मर्यादा ठेवली. अमेरिकेत ती १०० आहे. एका कॅप्सूलमध्ये थोडंसंच असेल, पण सोबत मल्टिव्हिटॅमिन आणि ‘ताकदीची’ आणखी एखादी गोळी चालू असेल तर बेरीज करून बघा. आणि बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं.

तिसरी एक स्ट्रिप असते, प्रीगॅबालिन हे नसदुखीचं औषध आणि मिथाइलकोबालामिन एकत्र. तिनं रात्री झोप लागते आणि श्रेय जातं व्हिटॅमिनला. काम केलेलं असतं बहुधा प्रीगॅबालिननं. दुखणं असह्य असेल तर खरी निवड प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांच्यात, आणि ती डॉक्टरांनीच करायची. प्रीगॅबालिननं गुंगी येते, चक्कर येते, पायांवर सूज येऊ शकते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. सकाळी तलावपाळीला फिरायला जाणाऱ्या आजोबांनी शेजाऱ्याची स्ट्रिप खाऊन बघणं म्हणजे पडण्याला आमंत्रण.

दुखणं एकाच पायात असेल, पायातला जोर कमी झाला असेल किंवा तळव्याला न दुखणारी जखम दिसली, तर यातली कुठलीच स्ट्रिप विकत घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा.