न्यू ट्रायर हायस्कूल: चार हजार मुलांत आपलं मूल ओळखणारी शाळा

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या कडेने विनेट्का, विल्मेट, केनिलवर्थ, ग्लेन्को अशी गावं आहेत. या गावांची सरकारी हायस्कूल म्हणजे न्यू ट्रायर. माझी लेक इथे शिकली. इकडे घर बघणारी मराठी मंडळी मला शाळेबद्दल नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली धास्ती आकड्याची. शाळेत सुमारे चार हजार मुलं. एवढ्या गर्दीत आपल्या अबोल मुलीकडे कोण बघणार, हीच मला काळजी होती. त्यावर शाळेचा उपाय जुना आहे, सुमारे शंभर वर्षांचा: ॲडव्हायझरी. पंचवीसेक मुलांचा एक गट, त्यांना एक शिक्षक, आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी त्याच खोलीत जमायचं. तिथे धडा नसतो. विषय कोणते घ्यायचे, कुठे अडतंय, घरी काय चाललंय, हे त्या एका माणसाला ठाऊक असतं. दुसऱ्या वर्षी लेकीने ऑर्केस्ट्रा सोडायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला पहिला फोन ॲडव्हायझर बाईंचाच आला. गुण घसरण्याच्या कितीतरी आधी तिचं बिनसलंय हे त्यांनी हेरलं होतं. शाळेच्या निकालांचं कौतुक सगळेच करतात, माझ्या लेखी पहिला मान या पद्धतीचा.

शाळा 1901 मध्ये विनेट्कात सुरू झाली. नाव आलंय जर्मनीतल्या ट्रियर शहरावरून, कारण इथले सुरुवातीचे वसाहतकार त्या भागातले. म्हणूनच इथल्या संघांना ‘ट्रेव्हियन्स’ म्हणतात. पटसंख्या फुगली तेव्हा 1965 मध्ये जवळच्या नॉर्थफील्ड गावात न्यू ट्रायर वेस्ट ही दुसरी हायस्कूल काढली. पुढे मुलं रोडावली आणि 1980 च्या दशकात ती बंद करावी लागली. पण जागा विकून टाकली नाही, हे फार शहाणपणाचं झालं. 2001 पासून नववीची सगळी मुलं तिथेच शिकतात. चौदा वर्षांच्या पोरांना बारावीच्या धिप्पाड मुलांच्या गर्दीत न ढकलता वर्षभर वेगळं, मोकळं आवार मिळतं. खेळाची मैदानंही ऐसपैस आहेत. मात्र दहावीला विनेट्कात गेल्यावर पुन्हा नवी इमारत, पुन्हा नवा ॲडव्हायझर. बुजऱ्या मुलांना ते जड जातं, तेवढी तयारी ठेवा.

विनेट्काचं आवार घरं आणि रेल्वे यांच्या मधे अडकलंय. मेट्रा या लोकल रेल्वेचं इंडियन हिल स्टेशन अगदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ट्रेनने येणाऱ्यांची सोय आहे. गाडी लावायला जागा मिळणं मात्र कठीण. कार्यक्रम असला की लवकर निघा. 2014 मध्ये मतदारांनी बांधकामासाठीच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि जुना, जीर्ण पश्चिम भाग पाडून 2017 मध्ये नवी इमारत उभी राहिली. आत भरपूर उजेड, मुलांना गटाने बसायला जागा. जुनं गॅफनी सभागृह अजून आहे. तिथे मुलांचं संगीत एकदा तरी ऐकाच. शाळेचं स्वतःचं रेडिओ स्टेशनही आहे, आणि ते मुलं चालवतात.

एक गोष्ट मला पटत नाही. एकाच विषयाचे इथे वेगवेगळ्या लेव्हलचे वर्ग असतात. आपल्या वेगाने शिकता यावं हा हेतू चांगला, पण मुलं ‘तू कितव्या लेव्हलला?’ यावरून एकमेकांची किंमत करू लागतात, आणि आपण पालक त्यात भर घालतो. लेव्हल ठरवताना ॲडव्हायझरचं ऐका, शेजाऱ्यांचं नको.

शाळा सरकारी, म्हणून शिकवण्याची फी नाही; नोंदणीचं शुल्क वेगळं. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे खरा खर्च घराच्या किमतीत आणि मालमत्ता करात आहे. भाड्याने राहणाऱ्यांच्या मुलांनाही तोच हक्क आहे, तेव्हा दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेऊनही येता येतं. फक्त पत्ता नीट तपासा. शेजारच्या ग्लेनव्ह्यू गावाचा थोडाच भाग न्यू ट्रायरमध्ये येतो, बाकीची बहुतेक मुलं ग्लेनब्रुकच्या शाळेत जातात. एजंटच्या शब्दावर विसंबू नका. सही करण्याआधी त्या घराचा पत्ता देऊन शाळेच्या कार्यालयातूनच खात्री करून घ्या.