गूगल स्कॉलर की स्कोपस? सरांचा आकडा कुठून घ्यावा
बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय, उद्यमबागेत फाउंड्र्या. ॲल्युमिनियम कंपोझिटवर पीएचडी करायला निघालेली खानापूर-निपाणीकडची पोरं गाइड शोधताना हमखास विचारतात, "सरांचा एच-इंडेक्स किती?" आधी विचारावं, कुठला? गूगल स्कॉलर या संशोधनाच्या शोधयंत्रावरचा, की स्कोपस या वर्गणीच्या डेटाबेसवरचा?

सूत्र एकच. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी 2005 मध्ये मांडलेलं: 12 पेपरांना प्रत्येकी किमान 12 उद्धरणं (इतर पेपरांत आलेले संदर्भ) असली, पण 13 पेपरांना प्रत्येकी 13 नसली, की एच 12. फरक मोजणीत. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञ-तपासणीआधीचे मसुदे), कॉलेजच्या साइटवरची पीडीएफसुद्धा धरतो. स्कोपस निवडक नियतकालिकं, परिषदांचे पेपर आणि काही पुस्तकं. म्हणून त्याच माणसाचा आकडा स्कॉलरवर बहुधा फुगलेला दिसतो.

स्कॉलर फुकट, ही मोठी गोष्ट. पण नावांचा घोळ फार. 'एस. पाटील' आपल्या सीमाभागात पोत्यानं मिळतील; प्रोफाइल आपोआप भरू दिलं की चिकोडीच्या पाटलांचा पेपर बेळगावच्या पाटलांच्या खात्यात जमा! स्कोपसवर उलट, कधीकधी एकाच माणसाचे दोन ऑथर आयडी पडतात. विनंती करून ते जोडून घेता येतात. शिवाय स्वतःच स्वतःला दिलेली उद्धरणं तिथे वगळून पाहता येतात, अर्थात कॉलेजनं वर्गणी भरली असेल तर.

माझं मत: तुलनेला स्कोपस, वाचायला स्कॉलर. आणि सरांचा सर्वाधिक उद्धृत पेपर उघडाच. तो रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा) आहे की प्रयोगशाळेतलं काम, आणि लेखकांत सर पहिले की आठवे, हे तिथे कळतं.