लाराव्हेल कलेक्शन: वाचायला फर्मास, आतला अ‍ॅरे बदलताना मात्र जपून

पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत यादी (अ‍ॅरे) गाळायची, गट पाडायचे, बेरीज काढायची, तर लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचं कलेक्शन, म्हणजे अ‍ॅरेभोवतीचं मेथड्सवालं ऑब्जेक्ट, पहिल्या पसंतीचं. अख्खं लाराव्हेल नको असेल, तर आठव्या आवृत्तीपासून इल्युमिनेट/कलेक्शन्स हे पॅकेज कंपोझरने (पीएचपीची पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाने) सुटं घेता येतं. खरी कसोटी लागते ती अ‍ॅरेच्या आतला अ‍ॅरे बदलताना.

मुंबईतल्या एखाद्या फराळवाल्याचा साठा घ्या. दादर, गिरगाव, मुलुंड अशा शाखा, प्रत्येकीत चकली, चिवडा, आणि प्रत्येक पदार्थाचे नग व भाव. साध्या अ‍ॅरेवर ही ओळ बिनतक्रार चालते:

$साठा['दादर']['चकली']['नग'] = $नवे;

$साठा कलेक्शन असेल तर हीच ओळ फुकट जाते. ‘इनडायरेक्ट मॉडिफिकेशन’ची नोटीस येते आणि नग जुनेच राहतात. चौकटी कंसामागे कलेक्शनची ऑफसेटगेट ही मेथड चालते. ती दादरच्या अ‍ॅरेची प्रत हातात देतं. नवा आकडा त्या प्रतीवर चढतो आणि प्रतीबरोबरच जातो. लाराव्हेलच्या अ‍ॅपमध्ये या नोटिशीचं एक्सेप्शन होतं, म्हणून गडबड तिथल्या तिथे सापडते. सुट्या स्क्रिप्टमध्ये नोटिसा दाबलेल्या असल्या, तर चुकीचा साठा थेट बिलापर्यंत पोहोचतो.

एकच शाखा बदलायची असेल तर दादरचा अ‍ॅरे वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, त्यात बदल करा आणि पुट वापरून परत ठेवा. सगळ्या शाखांसाठी ट्रान्सफॉर्म. ते मूळ कलेक्शनच बदलतं, तर मॅप नवं देतं. मॅपचं उत्तर कशात साठवलं नाही तर बदल गेलाच. दोन्हींत क्लोजरमधून (आत दिलेल्या निनावी फंक्शनमधून) बदललेली शाखा रिटर्न करायला विसरलात, की प्रत्येक शाखेच्या जागी नल येतो.

प्रत्येक घटकावर क्लोजर चालवणाऱ्या ईचमध्ये ‘&’ (मूळ व्हेरिएबलचाच संदर्भ घेणारं चिन्ह) लावण्याचा मोह सगळ्यात घातक. ना नोटीस, ना एरर, आणि बदलही शून्य, कारण तो संदर्भ ईचच्या आतल्या तात्पुरत्या व्हेरिएबलला जोडला जातो.

खोलवरच्या बदलाला लाराव्हेलचं डेटा_सेट हे फंक्शन उत्तम: ‘*.चकली.भाव’ असा मार्ग दिला की सगळ्या शाखांतला चकलीचा भाव एका फटक्यात बदलतो. मात्र ते थेट कलेक्शनवर चालवू नका. आधी ऑल वापरून अ‍ॅरे व्हेरिएबलमध्ये काढा, त्यावर डेटा_सेट चालवा, मग कलेक्टने पुन्हा कलेक्शन करा. ऑलचा कॉल थेट डेटा_सेटच्या कंसात लिहिलात तर पीएचपी नोटीस देतं; तिथे व्हेरिएबलच हवं.

नव्या भावांची यादी जुन्या साठ्यावर चढवायला रिप्लेसरिकर्सिव्ह घ्या. मर्जरिकर्सिव्हने ३०० आणि ३२० यांचा मिळून दोन आकड्यांचा अ‍ॅरे होतो आणि पुढची बेरीज कोसळते.

नुसतं खोलवर लिहायचंच काम असेल, तर पीएचपीतला अंगचा अ‍ॅरेऑब्जेक्ट सरस: वरची ओळ त्यावर जशीच्या तशी चालते. कलेक्शनच्या मेथड्स तेवढ्या मिळत नाहीत. एलोक्वंटच्या (लाराव्हेलच्या डेटाबेस-भागाच्या) जेसन कॉलमलाही साध्या अ‍ॅरे कास्टच्या (मूल्याचा प्रकार बदलून देणाऱ्या सोयीच्या) ऐवजी अ‍ॅझअ‍ॅरेऑब्जेक्ट लावा. आतली किल्ली थेट बदलून सेव्ह करता येते.