डीएच५-अल्फाच्या तयार कॉम्पिटंट सेल्स: पेशींबद्दल तक्रार नाही, कुपीबद्दल आहे

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून आमच्या पुण्यातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका पुरवठादाराकडून घेतलेल्या डीएच५-अल्फा जातीच्या ई. कोलाय जिवाणूच्या तयार कॉम्पिटंट सेल्स, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेऊ शकतील अशा केलेल्या पेशी, वापरात आहेत. पेटीत २०० मायक्रोलिटरच्या दहा कुप्या, कंट्रोल म्हणून पीयूसी१९ प्लास्मिडची (लहान वर्तुळाकार डीएनएची) एक कुपी आणि पेशींना सावरायला लागणाऱ्या एसओसी या पोषक माध्यमाची बाटली येते. लिहिण्याचे तातडीचे निमित्त उन्हाळ्यात आलेल्या पेटीवरून झालेला वाद हे असले, तरी माझी मूळ तक्रार त्याहून जुनी आहे आणि ती त्या २०० या आकड्याशी आहे.

आधी जे चांगले ते सांगते. पहिल्या पेटीने कोणतीही कुरकुर करायला जागा ठेवली नाही. ५० मायक्रोलिटर पेशींत १०० पिकोग्रॅम पीयूसी१९ घालून अर्धा तास बर्फावर, ४२ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ४५ सेकंद, पुन्हा दोन मिनिटे बर्फात आणि मग ९५० मायक्रोलिटर एसओसीसह ३७ अंशांना तासभर शेकरवर, असा नेहमीचाच क्रम आम्ही पाळला. एक मिलिलिटरपैकी १०० मायक्रोलिटर अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर (तेथे प्लास्मिड शिरलेल्या पेशीच वाढतात) पसरले म्हणजे प्लेटवर १० पिकोग्रॅम डीएनए गेला. पुरवठादाराचा दावा दर मायक्रोग्रॅम डीएनएला दहा कोटी कॉलनींचा (एकेका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यांचा) असल्यामुळे तेथे हजाराच्या आसपास कॉलनी यायला हव्यात. प्लेट इतकी गच्च भरली की मोजण्यासाठी दहापट पातळ करून पुन्हा पसरावे लागले, आणि हिशेब दाव्याच्या जवळ बसला. प्लास्मिड न घातलेल्या पेशींची प्लेट कोरी राहिली. एक्स-गाल (पीयूसी१९ असलेल्या कॉलनींना निळे करणारे रसायन) घातलेल्या प्लेटवर निळा रंग इतका स्वच्छ आला की तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

आता कुपीकडे वळते. एका ट्रान्सफॉर्मेशनला, म्हणजे पेशींत डीएनए शिरवण्याच्या एका प्रयोगाला, ५० मायक्रोलिटर पुरतात, म्हणजे कागदावर एका पेटीत चाळीस प्रयोग होतात, आणि जाहिरातीतही हाच आकडा ठळक छापलेला आहे. परंतु कुपी एकदा वितळली की ती पुन्हा गोठवू नये, असे त्याच पेटीतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले आहे. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला एखाद्या दिवशी एकच लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडून केलेले नवे प्लास्मिड) पेशींत शिरवायचे असेल, तर ५० मायक्रोलिटर कामी येतात आणि १५० मायक्रोलिटर हायपोक्लोराइटच्या बादलीत जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. गोठवण्याबाबतची सूचना खरोखर किती गंभीर आहे हे पाहण्यासाठी आम्ही उरलेल्या पेशी मुद्दाम पुन्हा गोठवून नंतर तपासल्या. कॉलनी जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आल्या. अखंड प्लास्मिडसाठी एवढेही चालते, पण लायगेशनमध्ये जोडले गेलेले वर्तुळाकार डीएनए मुळातच थोडे असते, तेथे दहापट घट म्हणजे कोरी प्लेट आणि वाया गेलेला आठवडा.

ज्यांच्याकडे स्वतःचा उणे ८० अंशांचा फ्रीझर आहे त्यांना ही तक्रार किरकोळ वाटेल. आमच्याकडे उणे २० चा आहे आणि त्यात या पेशींची क्षमता भराभर घसरते. त्यामुळे पेटी परिचयाच्या एका संशोधन संस्थेत ठेवलेली असते आणि लागेल तेव्हा एक कुपी थर्मोकोलच्या डब्यात बर्फात खुपसून कर्वे रस्त्याच्या गर्दीतून स्कूटरवर आणावी लागते. पेशी बर्फावरच वितळवायच्या असल्यामुळे वाटेत त्या वितळल्या तरी बिघडत नाही, पण एकदा आणलेली कुपी परत नेता येत नाही. (आमचे बर्फाचे यंत्र बंद पडते तेव्हा प्रयोगशाळेतील काका गणेश पेठेतील मासळी बाजारातून बर्फ आणतात. नळ्या बंद असल्यामुळे प्रयोगाला त्याचा काहीही उपद्रव होत नाही. वास मात्र दिवसभर टिकतो.)

या टप्प्यावर माझे मत बरेच बदलले. माहितीपत्रकात नसले तरी २५ मायक्रोलिटरमध्ये काम होते का हे आम्ही पाहिले. प्लास्मिड त्याच प्रमाणात कमी केले तर मिळणाऱ्या कॉलनी नेहमीच्या कामाला भरपूर होतात. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या दिवशी एका कुपीत आठ गटांचे भागते आणि थेंबही उरत नाही. म्हणजे जी कुपी संशोधनासाठी गैरसोयीची आहे तीच वर्गासाठी सोयीची ठरते, हे मला मान्य करावे लागते. मग पुढचा प्रश्न आपोआप आला, की वर्गासाठी या पेशी विकत तरी का घ्यायच्या? मँडेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये कॅल्शियम क्लोराइडने ई. कोलायमध्ये फाज विषाणूचा डीएनए शिरवून दाखवला आणि १९७२ मध्ये कोहेन, चँग आणि सू यांनी त्याच मार्गाने प्लास्मिड शिरवले. ती कृती आजही थंड सेंट्रिफ्यूज, बर्फ आणि १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड एवढ्यावर होते. कल्चरची घनता (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाने मोजलेली) ०.३५ च्या आसपास असताना पेशी गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत त्यांना उबेची झळ लागू द्यायची नाही, एवढेच पथ्य आहे. अशा घरच्या पेशींनी दर मायक्रोग्रॅमला दहा लाखांच्या आसपास कॉलनी दिल्या. विकतच्या पेशींपुढे हे शंभरावा हिस्सा झाले, पण विद्यार्थ्याला प्लेटवर शंभर कॉलनी दिसल्या काय आणि हजार दिसल्या काय, शिकायचे ते तेवढेच असते.

सॅटेलाइट कॉलनींचा दोष काही जण या पेशींना देतात, तो मात्र अन्यायाचा आहे. प्लास्मिडमुळे तयार होणारे बीटा-लॅक्टमेज हे विकर पेशीबाहेर झिरपून आजूबाजूचे अँपिसिलिन संपवते म्हणून मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपके उगवतात; कोणत्याही कंपनीच्या पेशी घेतल्या तरी ते होणारच. प्लेट ताज्या वापराव्यात आणि सोळा-अठरा तासांनंतर इन्क्युबेटरमध्ये ठेवू नयेत.

राहिला तो वाद. एप्रिलमधली पेटी शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात पडून आली आणि उघडल्यावर आत ड्राय आइसऐवजी जेल पॅक निघाले, तेही मऊ पडलेले. विक्री प्रतिनिधीचे उत्तर होते, "मॅडम, जेल पॅक पण थंडच असतात ना?" उणे ७८ अंश आणि चार अंश यांत फरक असतो हे मी त्यांना लेखी कळवले आणि सोबत त्यांच्याच पीयूसी१९ ने केलेल्या प्लेटचे छायाचित्र जोडले. त्यावर हजाराच्या जागी ऐंशी कॉलनी होत्या, म्हणजे दर मायक्रोग्रॅमला ऐंशी लाख. दाव्याच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या. पुरावा आकड्यांत होता म्हणूनच, बऱ्याच टोलवाटोलवीनंतर, पेटी बदलून मिळाली. नुसते "चालत नाही" असे कळवले असते तर आमच्याच वॉटर बाथवर खापर फुटले असते. म्हणून प्रत्येक पेटी आली की पहिल्याच दिवशी कंट्रोल लावा आणि प्लेटचे छायाचित्र तारखेसह ठेवा.

बदली पेटीही अर्थातच २०० च्याच कुप्यांची आली. ५० मायक्रोलिटरच्या कुप्यांबद्दल विचारले तेव्हा त्या केवळ अधिक क्षमतेच्या, महागड्या प्रकारातच मिळतात असे कळले. दर प्रयोगाचा हिशेब केल्यावर, फेकाव्या लागणाऱ्या पेशी धरूनही, तो प्रकार आम्हाला परवडत नाही. त्यामुळे येत्या वर्षी प्रात्यक्षिकांसाठी घरच्या पेशी आणि लायगेशनसाठी या पुरवठादाराची एकच पेटी, तीही शेजारच्या विभागाबरोबर निम्म्या खर्चात, असे ठरवले आहे. दोन्ही विभागांची लायगेशन्स एकाच दिवशी लावायची, म्हणजे अख्खी कुपी संपते. खरेदी आदेशावर "ड्राय आइसमध्येच, सोमवार ते बुधवारच पोच" हे वाक्य आता लाल शाईत जाते.